वखारीतला कॅमेरा

निपाणीत तंबाखूची वखार जवळ आली की ती डोळ्यांआधी नाकाला कळते. आधी खाट उठते, मग ठसका लागतो. माझं लहानपण त्या वासात गेलं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका वखारीत कामाला होत्या. सकाळी डोक्याला फडकं बांधून जायच्या आणि तिन्हीसांजेला पापण्यांवर तपकिरी धूळ घेऊन परतायच्या. माझी मावशी त्यांतलीच. घरी आली की आधी तोंडावर पाणी मारायची, मगच आम्हाला जवळ घ्यायची. या बायकांवर एक चित्रपट निघालेला आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

'तंबाखू चाकीला ऊब आली' हा तो चित्रपट. साल १९८२. कृष्णधवल, सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर घेतलेला, जेमतेम २५ मिनिटांचा. चाकी म्हणजे रचून ठेवलेल्या तंबाखूची थप्पी. ती आतल्या आत ऊब धरते, आणि वरून बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीला वखारीतल्या बायका संघटित झाल्या, संपावर गेल्या, त्या धगीला दिलेलं हे नाव. चित्रपट केला 'युगांतर' या गटाने. १९८० मध्ये सुरू झालेला हा गट भारतातला पहिला स्त्रीवादी चित्रपट-गट मानला जातो. त्यात दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायालेखक नवरोज कॉन्ट्रॅक्टर होते. बेंगळुरूची ही मंडळी चार महिने निपाणीत बायकांबरोबर राहिली, त्यांचं ऐकून घेतलं आणि कॅमेरा कधी शिरला नव्हता अशा वखारींत तो नेला. त्याआधी पुण्यातल्या घरकामगार बायकांवर त्यांनी 'मोलकरीण' केला होता.

निपाणी म्हटलं की लोकांना १९८१चं तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचं आंदोलन आठवतं. शरद जोशी, पुणे-बेंगळुरू हमरस्त्यावर ठाण मांडून बसलेले शेतकरी, मग झालेला गोळीबार. ती आठवण निघते आणि निघायलाच हवी. पण तोच तंबाखू चाळणाऱ्या, निवडणाऱ्या बायकांनी त्याच सुमारास केलेला लढा कुणाच्या बोलण्यात येत नाही. आमच्या घरातही आला नव्हता. मावशी त्यात होती, तरीही. आणि त्या लढ्याचा चित्रपट आज जपून ठेवलाय तो बर्लिनच्या आर्सेनल या चित्रपट-संस्थेने. तिथे त्याची नवी डिजिटल प्रत झाली. निपाणीत तो दाखवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आजच्या लेखाचा मुद्दा मला इथूनच मांडायचा आहे. चित्रपट आणि माध्यमांतल्या स्त्री-पुरुष समतेची चर्चा निघाली की आपण पडद्याकडे बघतो. नायिकेला किती वाव मिळाला, तिच्या तोंडी किती वाक्यं आहेत, ती रडते की लढते. हे प्रश्न खोटे नाहीत, पण ते दुसऱ्या पायरीवरचे आहेत. पहिला प्रश्न असा की कॅमेरा कुठे ठेवायचा हे कोण ठरवतं, कापायचं काय नि ठेवायचं काय याचा शेवटचा शब्द कुणाचा, आणि पैशाच्या चाव्या कुणाच्या कमरेला. 'युगांतर'मध्ये कॅमेऱ्यामागे पुरुष होता. त्याने काही बिघडलं नाही, कारण काय बघायचं हे बायकांनी ठरवलं होतं. पुरुषांना बाहेर काढा असं मी म्हणत नाही. ठरवणाऱ्यांत बाई हवी, हे माझं म्हणणं आहे. आणि ते मुंबई-बेंगळुरूच्या आधी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीत व्हावं, कारण हे दुखणं काय असतं हे आपल्याला दुसऱ्या वाटेने चांगलं ठाऊक आहे. त्या वाटेकडे पुढे येते.

बेळगावला लिहिणाऱ्या बाईचं नवल नाही. इंदिरा संत इथे राहिल्या, इथेच शिकवलं, मराठी कवितेत ज्याला दुसरी जोड नाही असं काही इथेच बसून लिहिलं. १८४८ साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयात बायका पुस्तकं बदलायला येतात. कडोलीपासून येळ्ळूर, उचगाव, सांबऱ्यापर्यंत गावोगावच्या साहित्य संमेलनांत कवयित्रींना मंच असतो. मग कॅमेऱ्याचंच कुठे अडतं? वहीला कुणाची परवानगी लागत नाही. रात्री सगळ्यांची जेवणं उरकली, भांडी पालथी घातली, की ओट्यावरही लिहिता येतं. चित्रपट एकटीने ओट्यावर होत नाही. त्याला माणसं लागतात, वेळी-अवेळी बाहेर राहावं लागतं, दुसऱ्याला 'असं नको, पुन्हा कर' असं सांगावं लागतं. बाई कविता करते म्हटल्यावर घर कौतुक करतं. तीच बाई दहा पुरुषांना कामाला लावते म्हटल्यावर त्याच घराला घाम फुटतो.

हे आजचं नाही. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, कारण बाई मिळाली नाही. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२०च्या 'सैरंध्री'त बायकांनाच उभं केलं. म्हणजे पडद्यासमोरचं दार पाच-सात वर्षांत किलकिलं झालं. कॅमेऱ्यामागे मात्र बाई पहिल्या दिवसापासून होती, फक्त तिला तसं म्हटलं गेलं नाही. सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोकं पाडत होत्या, ती धूत होत्या, जोडत होत्या, आणि तेवढ्याच हातांनी कंपनीच्या माणसांचा स्वयंपाकही करत होत्या. आज या कामांना तंत्रज्ञाचा पगार आहे. आपण त्यांच्याबद्दल लिहितो, 'पतीला मोलाची साथ दिली'. हा 'साथ' शब्द मला फार खटकतो. बाईच्या कौशल्याला आपण नात्याचं नाव देतो, म्हणजे मोबदल्याचा प्रश्नच मिटतो. वखारीतही तेच झालं होतं. बायकांच्या बोटांना तंबाखूची प्रत कळायची, पण त्याला कसब म्हणायचे नाहीत, 'बायकांचं काम' म्हणायचे.

पुढे फात्मा बेगम यांनी १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. १९३९ मध्ये शांता आपटे प्रभात स्टुडिओच्या दारात उपोषणाला बसल्या, आणि दुसऱ्याच वर्षी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून त्यांनी या धंद्याची बाईच्या बाजूने झडती घेतली. त्याच १९३९ मध्ये 'माणूस'मधून घराघरांत पोचलेल्या शांता हुबळीकर तर हुबळीजवळच्या अदरगुंचीच्या, कानडी मातीतल्या. मराठीने त्यांना डोक्यावर घेतलं आणि नंतर विसरून गेली. त्यांचे अखेरचे दिवस वृद्धाश्रमात गेले. भाषेच्या या काठावरून त्या काठावर जाऊन नाव कमावणारी बाई आपल्याच भागाने दिली होती, हे सीमाभागातल्या किती मुलींना माहीत आहे?

मराठीत त्यानंतर सई परांजपे आल्या, विजया मेहता आल्या. सुमित्रा भावे तर चित्रपटाच्या शाळेतून आल्याच नाहीत. समाजशास्त्राचा अभ्यास करता करता, लोकांचं जगणं कागदावर मांडून भागेना म्हणून त्यांनी कॅमेरा जवळ केला. १९८५चा 'बाई' हा लघुपट तिथून आला, आणि २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्या आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला मिळाला. ही नावं अभिमानाने घ्यावीत. पण शिखरावरच्या चार बायका दाखवून पायथ्याचा रस्ता झाकू नये. पायथ्याशी काय चालतं त्याचा एक दाखला देते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रंगभूषाकारांच्या संघटनेने कित्येक वर्षं बायकांना रंगभूषेचं सदस्यत्व नाकारलं होतं. बायकांनी केस करावेत, चेहरा रंगवणं हे पुरुषाचं काम! चारू खुराना यांना त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये ही बंदी बेकायदा ठरली. नोव्हेंबर २०१४, म्हणजे आपल्या शहराचं नाव बेळगावी झालं तोच महिना. इतकी ताजी गोष्ट आहे ही.

आता आपल्या दारातलं बघू. आपल्याकडे चित्रपटाचं शिक्षण कुठे मिळतं? शाळा-कॉलेजात नाही. ते मिळतं लग्नाच्या शूटिंगमध्ये. तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ असतो, लग्नसराईत त्याला ऑर्डरी असतात. एक व्हिडिओवाला, एक फोटोवाला, एक लाइट धरणारा पोरगा, आताशा एक ड्रोनवाला. लाइट धरणारा पोरगा दोन वर्षांत कॅमेरा हाताळू लागतो, पाच वर्षांत स्वतःचा स्टुडिओ टाकतो, त्यातलाच एखादा गाण्यांचे अल्बम, मग लघुपट करतो. यूट्यूबवर गावाकडच्या विनोदी मालिका करणाऱ्या बऱ्याच जणांची वाट हीच आहे. त्या वाटेवर मुलगी कुठे दिसते? लाइट धरायला तिला कुणी घेत नाही, मग पुढचं सगळं आपोआप बंद होतं.

खानापूरच्या बाजूची एक मुलगी माझ्या ओळखीची आहे. कॉम्प्युटरचं शिक्षण झालंय, नजर तयार आहे. एका स्टुडिओने तिला एडिटिंगला ठेवली. दिवसभर ती मागच्या खोलीत बसून दुसऱ्यांनी घेतलेली लग्नं कापते, जोडते, गाणी लावते. साइटवर नेत नाहीत. कारण विचारलं की 'रात्री उशीर होतो', 'घरचे सोडणार नाहीत', 'पार्टीला चालायचं नाही'. घरच्यांना कुणी विचारलेलंच नव्हतं. ती मला म्हणाली, "ताई, मला कापायला मिळतं, घ्यायला मिळत नाही. हळदीच्या टायमाला नवरीची आई कुठं असते माहिती काय तुम्हाला? आत, आचाऱ्याला शिधा काढून द्यायला. आख्ख्या फुटेजमध्ये ती एकदा पण नसते. आणि विधवा आत्या मागं भिंतीला उभारलेली असते. कॅमेरा तिच्यापर्यंत जातो आणि परत फिरतो."

कॅमेरा तिच्यापर्यंत जातो आणि परत फिरतो. माध्यमांतल्या विषमतेवर मी बरंच वाचलं आहे, पण इतकं नेमकं कुणी सांगितलेलं आठवत नाही. तो व्हिडिओवाला काही दुष्ट माणूस नाही. त्याला ती आत्या दिसतच नाही, कारण मांडवात तिने दिसायचं नाही हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. तिथे एखादी मुलगी कॅमेरा घेऊन उभी असती तर तिनेही कदाचित तेच केलं असतं. कदाचित केलं नसतं. पण ती आत स्वयंपाकघरात शिरू शकली असती, बायकांच्या खोलीत बसू शकली असती, आणि निदान परत फिरण्याआधी थबकली असती. पैशाच्या हिशेबानेही बघा. नवरीच्या खोलीत परका पुरुष नको म्हणणारी किती घरं आपल्या ओळखीत आहेत? तिथे बाई व्हिडिओग्राफर हवीच आहे. गिऱ्हाईक आहे, काम करणारी आहे, अडथळा मधल्या माणसाच्या डोक्यात आहे.

प्रवासाचं म्हणाल तर जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसला तिकीट नाही. झिरो तिकिटावर खानापूरहून बेळगाव, बेळगावहून गोकाक, सौंदत्ती असं कुठेही जाता येतं. पलीकडे महाराष्ट्राच्या लाल गाडीला अर्धं तिकीट. जाण्याचा खर्च सरकारने सोडवला, रात्री परतण्याची हमी मात्र कुणी घेतली नाही. शेवटची बस निघून गेल्यावर मुलीने काय करायचं, हा प्रश्न चित्रपटाच्या कुठल्याही परिसंवादात निघत नाही. माझ्या मते समतेची चर्चा तिथूनच सुरू व्हायला हवी.

आता ती दुसरी वाट. १९५६ पासून सीमाभागातल्या मराठी माणसाची तक्रार काय आहे? आमच्याबद्दल सगळे बोलतात, आम्हाला कुणी विचारत नाही. मुंबईचे कॅमेरे एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला येतात, बेंगळुरूचे इथल्या सुवर्ण विधानसौधातल्या विधिमंडळ अधिवेशनाला येतात. दोघांनाही घोषणा हव्या असतात. मधल्या काळात इथलं माणूस कसं जगतं, कुठल्या भाषेत हसतं, पोराला कुठल्या शाळेत घालायचं म्हणून रात्ररात्र कसं तळमळतं, हे त्यांच्या चौकटीत बसत नाही. ही तक्रार खरी आहे आणि मी ती मनापासून करते. पण तीच तक्रार आपल्या बायका आपल्याबद्दल करू शकतात. मोर्च्याच्या फोटोत त्या पुढच्या रांगेत असतात, सभेच्या फोटोत व्यासपीठासमोर. भाषण कुणाचं, निवेदन कुणी लिहिलं, बातमी कुणी दिली? लाठ्या बायकांनीही खाल्ल्या. त्यांची साक्ष कुणी कॅमेऱ्यावर घेतली?

यावर उत्तर ठरलेलं असतं. आधी सीमाप्रश्न सुटू दे, मग हे बघू. आधी राजकीय की आधी सामाजिक, हा वाद आगरकरांच्या वेळी झाला तेव्हाही बायकांना थांबायला सांगितलं होतं. थांबून काय मिळालं ते आपण जाणतो. सत्तर वर्षं न्यायालयाच्या आणि सरकारांच्या दारात उभं राहूनही ज्या भागाची भाषा तगली, ती घरात बायकांनी बोलली म्हणून तगली. तिच्याच गोष्टी सांगायला बाई नको, हे कुठल्या न्यायात बसतं?

हे दुखणं मराठीपुरतं नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर आजवर किती कॅमेरे चढले! देवदासी प्रथेवर कर्नाटकात १९८२ मध्येच बंदीचा कायदा झाला, पण जोगतिणीच्या कपाळावरचा भंडारा टिपायला माणसं अजून येतात. ती बाई मराठी असो की कन्नड, तिच्या दुःखाचा फोटो निघतो आणि निघून जातो. अथणी, गोकाकच्या कन्नड मुली आणि निपाणी, खानापूरच्या मराठी मुली या कामात एकत्र आल्या तर मला अतिशय आनंद होईल. १९८२ मध्ये बेंगळुरूच्या बायकांनी मराठी बोलणाऱ्या कामगार बायकांचं ऐकून घेतलं होतंच की.

हे जमणार कसं? जमवलेल्यांकडे बघावं. तेलंगणातल्या जहीराबादजवळ पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायका कॅमेरा शिकल्या. त्यांतल्या बऱ्याच जणींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्यांनी कॅमेऱ्याच्या कोनांना आपली नावं दिली. वरून खाली बघणारा तो 'पटेल शॉट', कारण जमीनदार तसा बघतो. समोरासमोर, डोळ्याला डोळा भिडवून घेतलेला तो 'संघम शॉट', कारण संघात सगळ्या सारख्या. चित्रपटकलेच्या जाड पुस्तकांत मला इतकी थेट व्याख्या सापडलेली नाही. बुंदेलखंडात 'खबर लहरिया' २००२ पासून बायका चालवतात, आधी कागदावर, आता मोबाइलवर. आसामात रीमा दास यांनी आपल्या छयगावात, गावातली पोरं घेऊन, स्वतः कॅमेरा धरून 'व्हिलेज रॉकस्टार्स' केला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. छयगाव काही आपल्या नंदगडपेक्षा मोठं नसावं.

पैशाचं उदाहरण केरळ. तिथल्या राज्य चित्रपट विकास महामंडळाने स्त्री दिग्दर्शकांसाठी वेगळी योजना केली, प्रत्येक चित्रपटाला दीड कोटीपर्यंत. 'निषिद्धो', 'डिव्होर्स' हे चित्रपट त्यातून झाले. आपली अडचण वेगळी आहे. बेळगावच्या मुलीने मराठीत चित्रपट करायचा ठरवला तर तिने कुठल्या राज्याचं दार ठोठवायचं? एकाला तिची भाषा परकी, दुसऱ्याला तिचा पत्ता. सीमाभागासाठी मदत जाहीर करणाऱ्या महाराष्ट्र सरकारने आणि इथला कर घेणाऱ्या कर्नाटक सरकारने या मुलीचा विचार करावा, ही मागणी माझी आहे. पण तोवर हातावर हात ठेवून बसू नये. प्रत्येक ग्रामीण साहित्य संमेलनात कवी संमेलनासारखं एक सत्र गावातल्या मुलींनी केलेल्या दहा-दहा मिनिटांच्या चित्रपटांचं ठेवता येईल. मांडव असतोच, माइक असतोच, पडदा भाड्याने मिळतो. वाचनालयाने पुस्तकासारखा कॅमेरा घरी न्यायला द्यावा. पतसंस्था शिलाई मशीनला कर्ज देतात, कॅमेऱ्यालाही द्यावं.

सुरक्षिततेचं थोडक्यात सांगते, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या बायकांची स्थिती तपासणाऱ्या केरळच्या हेमा समितीचा अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सादर झाला आणि उजेडात यायला ऑगस्ट २०२४ उजाडलं. त्यात छळाच्या हकिगतींबरोबर साधी गोष्ट होती: सेटवर बायकांना शौचालय नाही, कपडे बदलायला जागा नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कन्नड चित्रपटसृष्टीतल्या 'फायर' या संघटनेने कर्नाटकातही अशी समिती नेमावी म्हणून मुख्यमंत्र्यांकडे मागणी केली. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे तक्रारींसाठी अंतर्गत समिती मागतो. त्याहून लहान जागांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. लग्नाचं शूटिंग करणारं चार जणांचं पथक या दुसऱ्या कलमात बसतं. ते किती स्टुडिओवाल्यांना, आणि किती मुलींना, माहीत आहे?

कुणी विचारेल, बाईने केला म्हणून चित्रपट चांगला होतो का? नाही होत. सुमारही होईल. पुरुषांनी शंभर वर्षं शेकड्यांनी सुमार चित्रपट केले, पण म्हणून पुढच्या मुलाच्या हातचा कॅमेरा कुणी काढून घेतला नाही. मुलीचा पहिला लघुपट फसला की मात्र 'बघा, बायकांना जमत नाही' हे ऐकू येतं. चुकायची मुभा मिळाल्याशिवाय कुणालाच काही येत नाही.

गेल्या दिवाळीत मी मावशीला तो चित्रपट फोनवर दाखवला. पंचवीस मिनिटं ती बोलली नाही. वखार दिसली तेव्हा तिने पदराने नाक झाकलं, सवयीने. संपल्यावर म्हणाली, "एवढ्या बारक्या फोनवर काय दिसतंय? मोठ्या पडद्यावर लाव. जिवंत हाईत तेवढ्या समद्या येतील. आणि आम्ही पुढं बसणार हं, मागं न्हाई." म्हणून या हिवाळ्यात निपाणीत तो लावायचं आम्ही काही जणींनी ठरवलं आहे. नंतर त्या बायकांनी बोलावं आणि त्यांचं बोलणं नीट टिपून ठेवावं असाही विचार आहे. शूटिंगसाठी मी खानापूरच्या त्या मुलीला विचारलं. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "एडिटिंग पण माझंच ना, ताई?"